मुंबईचे दगड वाचू या

डोलवीच्या माणसाला मुंबई नवी नाही. कोणी जे. जे. इस्पितळात नातलगाला भेटायला गेलेला असतो. कोणी जमिनीच्या दाव्यासाठी हायकोर्टात वकिलामागे फिरलेला असतो. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला, तर कोणाची मुलगी कुर्ल्याला नाहीतर परळला दिलेली. काम झाले की मिळेल ती गाडी धरायची आणि घर गाठायचे. मुंबईत थांबून, मान वर करून इमारती पाहायच्या, हे आपल्या डोक्यात येत नाही.

येत नाही याला कारणही आहे. त्या इमारती फार मोठ्या. दाराशी पहारेकरी. पाट्या इंग्रजी. आपण आपले कडेकडेने जातो. कोणी हटकू नये, एवढीच इच्छा.

पण मंडळी, आता तुम्ही वाचायला शिकला आहात. पुस्तक वाचता येते, तशी इमारतही वाचता येते बरं का. ती कोणी बांधली, कोणाच्या पैशाने बांधली, कशासाठी बांधली, हे तिच्या अंगावर लिहिलेले असते. काही अक्षरांत, काही चित्रांत, काही नुसत्या दगडाच्या रंगात. आणि काही नावे तिथे असायला हवी होती, ती लिहिलेलीच नसतात. तीही आपण शोधू.

तिकडे जाण्याआधी थोडी मागची हकीगत सांगतो.

मुंबई म्हणजे पूर्वी सात बेटे. पोर्तुगीज राजाने १६६१ साली आपली बहीण इंग्रजांच्या राजाला दिली, तेव्हा लग्नाच्या करारात मुंबईही दिली. इंग्रज राजाने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडे किती? वर्षाला दहा पौंड! कंपनीने तिथे किल्ला बांधला, भोवती तट आणि खंदक केला. तटाला तीन मोठे दरवाजे होते. एक देवळाजवळचा, म्हणजे इंग्रजांच्या चर्चजवळचा. त्याला चर्चगेट म्हणत. आज आपण चर्चगेट स्टेशनात उतरतो आणि गेट कुठे दिसत नाही, त्याचे कारण हे. गेट गेले, नाव राहिले. त्या सगळ्या भागाला अजून फोर्ट म्हणतात, तेही तसेच.

तट का पाडला? १८६२ साली बार्टल फ्रिअर नावाचा गव्हर्नर आला. आता स्वारीची भीती उरली नव्हती आणि तटाच्या आत माणसांची दाटी झाली होती. त्याने तट पाडायला घेतला. मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या सरकारी इमारती बांधायचे ठरले. याला पैसा हवा. तो आला कापसातून.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस जाईना. मग इंग्रजांनी आपल्याकडचा कापूस उचलला. खानदेशचा, वऱ्हाडचा, गुजरातचा. भाव कुठल्या कुठे चढला. मुंबईच्या दलालांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरी पाण्यासारखा पैसा आला. त्या पैशाच्या जोरावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या. १८६५ साली लढाई थांबली, भाव कोसळला आणि निम्मी मुंबई रस्त्यावर आली. पण इमारतींचे बेत ठरले होते. काहींचे पैसेही आधीच देऊन झाले होते. त्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिल्या.

आता निघू या.

वाटा दोन-तीन आहेत. पेणहून पनवेल गाठावे, तिथून लोकल थेट शिवाजी टर्मिनसला जाते. एस.टी. आहेच. पण इमारती पाहायला जायचे असेल तर मी म्हणेन, वडखळहून अलिबागच्या गाडीने जावे, तिथून मांडवा गाठावे आणि लाँचने जावे. पावसाळ्यात ही लाँच बंद असते, हे लक्षात ठेवा. आपल्या वाडवडिलांना ही पाण्याची वाट चांगली ठाऊक होती. तेव्हा धरमतरहून आगबोट सुटे. मुंबई समुद्रातून पाहावी अशीच बांधली आहे. तिचा पुढचा दरवाजा पाण्याकडे आहे.

तो दरवाजा म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. लाँच जवळ येते तशी ती पिवळसर कमान मोठी मोठी होत जाते. उंची सुमारे ८५ फूट. वर इंग्रजीत कोरले आहे, त्याचा अर्थ असा : राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी हिंदुस्थानात उतरले, त्याची ही आठवण. गंमत अशी, की राजा उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. तेव्हा तात्पुरती सजावट केली होती. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ रोजी आणि कमान पुरी होऊन खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. खर्च सुमारे २१ लाख रुपये. कमानीपर्यंत सरळ रुंद रस्ताही करायचा होता, पण पैसे संपले. म्हणून आजही मोठा रस्ता एका बाजूने येतो आणि कमान तिरपी पडते. सरकारी कामात पैसे संपतात, हे काही आजचे नाही.

ज्या कमानीतून राजा आला असे लिहिले आहे, त्याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी बाहेर पडली आणि बोटीत बसली. कमान बांधून पुरी झाल्याला पंचवीस वर्षेही झाली नव्हती. समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो २६ जानेवारी १९६१ पासून तिथे आहे.

कमानीचा नकाशा जॉर्ज विटेट या इंग्रजाने काढला. त्याचे नाव सगळ्या पुस्तकांत आहे. पण जागेवर उभे राहून काम करवून घेणारे इंजिनिअर होते रावबहादूर यशवंत हरिश्चंद्र देसाई. त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत. आणि दगड? तो मालाडजवळच्या खारोडीचा. जाळीचे दगड तेवढे ग्वाल्हेरचे.

आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, दगड तर आपल्या डोंगरात पण आहेत. ते बघायला मुंबईला कशाला जायचं?" प्रश्न बरोबर आहे. मुंबईच्या टेकड्या आणि आपल्या पेणचे डोंगर एकाच जातीच्या खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला, थरावर थर साचला आणि थिजला. तोच आपला काळा दगड. मुंबईकडे मालाड-कुर्ल्याला काही ठिकाणी तो पिवळसर निघतो. पिवळा दगड घडवायला जरा मऊ, काळा फार कठीण. म्हणून भिंतीच्या तळाला काळा, वर पिवळा आणि नक्षीच्या जागी आणखी मऊ दगड, अशी मांडणी पुष्कळ इमारतींत दिसते. दगड आपल्या डोंगरातही आहे, हे खरेच. पाहायचे आहे ते त्याचे काय केले ते.

गेटवेच्या बाजूला ताजमहाल हॉटेल आहे. ते डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. त्याच्याबद्दल एक गोष्ट मुंबईत सगळीकडे सांगतात. म्हणे नकाशा काढणारा साहेब विलायतेला गेला होता. परत येऊन पाहतो तर हॉटेलचे तोंड उलटीकडे! मग त्याने जीव दिला. ही गोष्ट खोटी आहे. मूळ नकाशा साहेबाचा नव्हताच. तो सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या आपल्या माणसांचा. काम चालू असताना वैद्य वारले. मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते पुरे केले. वैद्यांचे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा यायचे आहे.

तिथून चालत पाच-सात मिनिटांवर वस्तुसंग्रहालय आहे. याला पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत १९१४ साली तयार झाली. तेवढ्यात पहिले महायुद्ध आले, म्हणून तिथे आधी जखमी शिपायांचे इस्पितळ झाले. संग्रहालय उघडले १९२२ साली. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. आत पाहायला अख्खा दिवस लागेल. आज आपण बाहेरूनच पाहून पुढे जाऊ.

आता ओव्हल मैदान. इथे जरा बसा. शेंगा घ्या. पूर्वेकडे तोंड करून बसा, म्हणजे समोर दोन मोठ्या दगडी इमारती दिसतील. युनिव्हर्सिटी आणि हायकोर्ट.

आधी कमानी पाहा. आपल्या देवडीची नाहीतर जुन्या पुलाची कमान बहुधा गोल असते. इथे कमानी वर टोकदार आहेत. दोन तळहात उभे धरून बोटे एकमेकांना टेकवली की जो आकार होतो, तो. कमान कशी बांधतात ते गवंडीकाम करणाऱ्यांना ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवतात, वर रुंद आणि खाली अरुंद. खालून लाकडी साचा लावतात. दोन्ही बाजूंनी दगड रचत आणतात. मधला शेवटचा दगड ठोकून बसवला की साचा काढून घेतात. आता दगड एकमेकांना रेटून धरतात. पडायला जागाच नाही, तर पडणार कुठे? पण हा रेटा बाजूच्या भिंतीवर येतो. कमान गोल असली तर रेटा बाहेरच्या अंगाला जास्त जातो आणि भिंत फाकू पाहते. कमान टोकदार केली तर बराचसा रेटा खाली, पायाकडे वळतो. म्हणून टोकदार कमानीवर उंच बांधता येते आणि खिडक्या मोठ्या ठेवता येतात. ही रीत युरोपात सात-आठशे वर्षांपूर्वी देवळे बांधताना पक्की झाली. तिला गॉथिक म्हणतात. इंग्रजांनी ती इथे आणली. पण मुंबईच्या उन्हापावसात तिला बाहेरून व्हरांडे जोडावे लागले. ते व्हरांडे म्हणजे आपल्या घराची पडवीच म्हणा ना.

युनिव्हर्सिटीचा उंच मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. चांगला वाढलेला माड साठ-सत्तर फूट असतो. असे चार माड एकावर एक उभे करा, तेवढा. प्रेमचंद रायचंद नावाच्या दलालाने ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यायला सांगितले. हा तोच कापसाचा पैसा. पुढे भाव कोसळला तेव्हा प्रेमचंद स्वतःही बुडाले, पण दिलेले पैसे दिलेलेच राहिले. मनोरा १८६९ ते १८७८ या काळात झाला. लोक सांगतात, की राजाबाईला डोळ्यांनी दिसत नसे. जैन धर्माप्रमाणे दिवस मावळण्याआधी जेवायचे, म्हणून तिला वेळ कळावी यासाठी घंटेचा हा मनोरा. खरे-खोटे कोणी तपासले आहे, कोण जाणे. पण गोष्ट गोड आहे.

नकाशा काढला गिल्बर्ट स्कॉट यांनी. ते विलायतेत बसूनच काढला, मुंबई त्यांनी कधी पाहिली नाही! मनोऱ्याच्या वरच्या अंगाला माणसांचे पुतळे दिसतात. पश्चिम हिंदुस्थानातल्या २४ जातीजमातींची माणसे तिथे कोरली आहेत. डोक्यावरची पगडी, पागोटे, फेटा बघून ओळखायचे. हे पुतळे घडवले मुकुंद रामचंद्र या सहाय्यक इंजिनिअरने. विलायतेतल्या साहेबाला आपली पगडी कशी बांधतात हे काय ठाऊक? ते इथल्याच माणसाला ठाऊक. वर चढायला आता परवानगी नाही. मान दुखेपर्यंत खालूनच पाहायचे.

शेजारी हायकोर्ट. हेही १८७८ साली पुरे झाले. लांबी ५६२ फूट. छपरावर दोन बायकांचे पुतळे आहेत, एक न्यायाची आणि एक दयेची. तुमच्यापैकी जे तारखेला जातात त्यांनी या दोघींकडे कधी पाहिले आहे का? आत खांबांवर जनावरे कोरली आहेत. त्यात एक माकड आहे. त्याच्या हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी! म्हणतात, की कामाचा एक कंत्राटदार आपला दावा इथे हरला, म्हणून त्याने न्यायाधीशाला असे दगडात बसवले. ही नुसती सांगोवांगी. पण माकड मात्र खरेच आहे.

याच इमारतीत एक पाटी आहे. तिच्यासाठी मी हायकोर्टाला पहिला मान देतो. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला इथे चालला. २२ जुलैला निकाल झाला. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेले. शिक्षा सांगण्याआधी न्यायाधीशाने विचारले, काही बोलायचे आहे का? टिळकांनी उभे राहून दोन-चार वाक्ये सांगितली. इमारत इंग्रज सरकारची, न्यायाधीश सरकारचा, आणि बोलणारा गुन्हेगार ठरलेला. १९५६ साली तीच वाक्ये संगमरवरावर कोरून त्याच दालनाशी लावली. चीफ जस्टिस छागला यांच्या हस्ते ते झाले. शिक्षा देणाऱ्याचे शब्द कागदपत्रांत राहिले, शिक्षा भोगणाऱ्याचे भिंतीवर आले. दगडावर काय लिहायचे, हे ज्याच्या हाती राज्य त्याच्या हाती असते, असे आपण समजतो. राज्य बदलते तेव्हा पाट्याही बदलतात.

मैदानाच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, गुळगुळीत भिंतींची, गोल कोपऱ्यांची घरे दिसतील. ती १९३० नंतरची, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर बांधलेली. दगड संपला, सिमेंट आणि लोखंडी सळई आली. दगडी इमारतीला नऊ-दहा वर्षे लागत, ही घरे दोनेक वर्षांत उभी राहिली. आपल्या डोलवीच्या कारखान्यात पोलाद तयार होते, त्याचे काम काय, हे इथे समजते. २०१८ साली जगाच्या वारशाच्या यादीत मैदानाच्या दोन्ही बाजू एकत्र घेतल्या, एकंदर ९४ इमारती.

तिथून हुतात्मा चौक जवळच. दगडी कारंजे १८६४ सालचे. वर फुलांच्या देवीचा पुतळा आहे, रोमन लोकांची देवी फ्लोरा. म्हणून पूर्वी फ्लोरा फाउंटन म्हणत. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर इथे गोळीबार झाला. पुढच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांचे स्मारक कारंज्याशेजारी आहे. एक मजूर आणि एक शेतकरी मशाल धरून उभे आहेत. हौसेचे कारंजे आणि बलिदानाचे स्मारक एकाच चौकात.

पाय दुखत असतील तर पूर्वेला टाऊन हॉल आहे. १८३३ साली पुरा झाला. पायऱ्या ३०, मोजून पाहा. त्या पायऱ्यांवर पोरे अभ्यास करीत बसलेली असतात. तुम्हीही बसा, कोणी उठवीत नाही. आत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आहे. ते मूळ आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातले, मुरबाडचे. रेल्वे आणायला ज्यांनी खटपट केली, त्यांत ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली.

त्या बोरीबंदरच्या जागी आता आपण जाऊ. व्ही.टी. लोक अजून व्ही.टी.च म्हणतात. १८८७ साली राणीच्या राज्याला ५० वर्षे झाली, म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस नाव पडले. १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ साली त्यात महाराज हा शब्द घातला. काम १८७८ साली सुरू झाले. दहा वर्षे लागली. खर्च १६ लाखांच्या वर. नकाशा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. आणि त्यांच्या हाताखाली सहाय्यक इंजिनिअर कोण? सीताराम खंडेराव. तेच, ताजमहाल हॉटेलचे वैद्य! दहा वर्षे साहेबाच्या हाताखाली काम केले आणि मग स्वतः एवढे मोठे हॉटेल आखले.

रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहा. इथे घाई करू नका. मागून गाडीला जाणारे लोक धक्के देतील, त्यांना देऊ दे.

फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. मध्ये उंच घुमट. घुमट बांधताना सहसा आतून लाकडी आधार देतात. हा आठ अंगांचा घुमट तसल्या साच्याशिवाय चढवला. गवंडी जातीचे जे कोणी असतील त्यांनी मनाशी विचार करावा, ही काय छातीची गोष्ट आहे! घुमटावर बाईचा पुतळा आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. तिचे नाव प्रगती. चाक अर्थात आगगाडीचे. घड्याळाच्या खाली एक रिकामा कोनाडा आहे. त्यात व्हिक्टोरिया राणी होती. स्वातंत्र्यानंतर ती काढली, कोनाडा तसाच राहिला. भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या डायरेक्टरांचे चेहरे आहेत. सगळे साहेब, त्यात दोन आपले. जमशेटजी जिजीभाई आणि आपले नाना शंकरशेट. पागोट्यावरून ओळखू येतात.

आता जवळ जा आणि भिंती पाहा. मोर, घुबडे, माकडे, सरडे, साप, पाने, फुले. छपराच्या कडेला जनावरांची तोंडे बाहेर आलेली दिसतात. ती नुसती शोभा नाही. ती पन्हळे आहेत. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छपराचे पाणी भिंतीवरून ओघळले तर सांध्यांतला चुना धुऊन जाईल. म्हणून ते जनावराच्या तोंडातून लांब फेकायचे. आपण पागोळ्यांखाली पन्हळ लावतो, तेच काम. फक्त त्यांनी पन्हळीला दात आणि डोळे दिले.

ही नक्षी कोणी केली? जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी. जॉन ग्रिफिथ्स हे त्यांचे गुरू. आधी नमुने तयार करायचे, मग त्यावरून दगड कोरायचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्ती एक कारागीर घडवतो आणि तिच्यावरून पुढच्या निघतात, हे आपण पाहतोच. त्यातलाच प्रकार समजा. त्या विद्यार्थ्यांतले बहुतेक इथलेच. म्हणूनच पिंपळाचे पान पिंपळासारखे आणि मोर मोरासारखा दिसतो. पण एकाचेही नाव भिंतीवर नाही. दगड उचलणारे, फोडणारे, चुना मळणारे, बायका-पोरांसह पराती वाहणारे, त्यांचीही नावे नाहीत. तेलंगणातून पुष्कळ कामाठी मुंबईच्या बांधकामांवर आले होते. त्यांचे नाव एका वस्तीला राहिले, कामाठीपुरा. पाथरवट आणि बेलदार यांना तेवढेही मिळाले नाही. साहेबांचे पुतळे ओळीने आहेत. कोनाडा रिकामा पडला तरी त्यात गवंडी काही कोणी बसवला नाही. मला हे खटकते, म्हणून सांगतो.

आत तिकिटांच्या दालनात जा. खांब इटलीहून आणलेल्या संगमरवराचे आहेत. लोक तिकिटाच्या रांगेत मान खाली घालून पैसे मोजत असतात. तुम्ही वर छताकडे पाहा. हे स्टेशन २००४ साली जगाच्या वारशाच्या यादीत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथे, बाहेरगावच्या गाड्यांच्या बाजूला, अतिरेक्यांनी गोळीबार केला. पन्नासहून अधिक माणसे मेली. बहुतेक आपल्यासारखीच, बोचकी घेऊन गाडीची वाट पाहणारी.

समोर महानगरपालिकेची इमारत आहे, तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ सालची. एक नजर टाका आणि चला, कारण शेवटचे ठिकाण चुकवायचे नाही.

ते म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. बांधणी १८६९ ची. भिंतींचा दगड कुर्ल्याचा, त्यात वसईचा तांबडा दगड. १९९६ पर्यंत फळांचा घाऊक बाजार इथेच भरे, मग तो वाशीला गेला. आपल्याकडच्या किती आंब्यांच्या पेट्या इथे उतरल्या असतील! पण माल उतरवताना दाराच्या वर कोण बघतो? तिथे कोरीव चित्रे आहेत. शेतात राबणारी माणसे. किपलिंग नावाचे कलाशाळेतले शिक्षक होते, त्यांनी ती केली. सगळ्या फोर्टात राजे, राण्या, गव्हर्नर, शेठ, डायरेक्टर दिसले. शेतकरी दाराच्या कपाळावर दिसतो तो इथे. आणि मंडईला नाव मिळाले ते शेतकऱ्यांसाठी लिहिणाऱ्या फुल्यांचे, ज्यांनी स्वतः बांधकामांची कंत्राटे घेतली होती. चुना, दगड, मजूर यांचा हिशेब त्यांना चांगला कळत होता.

आता थोडे कामाचे. हायकोर्टात आत जायचे तर कामाचा दिवस हवा, ओळखपत्र हवे आणि दाराशी तपासणी होते. रविवारी गेलात तर ते बंद, पण रस्ते मोकळे असल्याने बाहेरून छान पाहता येते. संग्रहालयाला तिकीट आहे. बाकी सगळे रस्त्यावरून फुकट. बायकामंडळी येणार असतील तर पाण्याच्या बाटल्या आणि शिदोरी बरोबर घ्यावी, ओव्हलवर बसून खाता येते. परतीला लाँच धरायची तर शेवटची किती वाजता सुटते ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा. ती चुकली तर व्ही.टी.हून पनवेलची लोकल आहे.

एक वही आणि पेन्सिल न्या. ज्याला जी पाटी वाचता येईल, मराठी असो की इंग्रजी आकडे, ती जशीच्या तशी उतरवून आणा. साल कुठे कोरले आहे ते विशेष करून पाहा. सोमवारच्या वर्गात सगळ्यांच्या वह्या एकत्र वाचू. आणि येताना भाऊच्या धक्क्याकडून आलात, तर ज्या 'भाऊ'चे नाव त्याला आहे ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, हेही लिहून ठेवा. कारण तो धक्का बांधणारा माणूस नावानिशी माहीत आहे.